आर्नफिनचं बिनआवाजाचं मशीन

...आणि मी म्हणते, भुवई ती केवढी हो? एवढीशी! ही बघा, माझ्या करंगळीच्या नखाएवढीही रुंद नाही... आणि तिच्यापायी आमच्या घरात जो धुमाकूळ चालला तो मी कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते, बसा. नाही नाही, कॉफी नंतर, आधी ऐका.

हा आमचा आर्नफिन. माझा धाकटा भाऊ. धाकटा आपला वयानं, बाकी दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते आणि त्याची दाढी त्याच्याआधी आत येते. सगळा जन्म इथं क्रिस्तियानसुनच्या धक्क्यावर खलाशांना गोंदण्यात गेला. नांगर, जलपरी, आईचं नाव, बायकोचं नाव, मग बायको सोडून गेली की त्या नावावर मोठ्ठा गुलाब, कारण खोडता तर येत नाही ना! आणि मशीन काय ओरडायचं त्याचं... घर्रर्रर्र! शेजारच्या मासळीच्या दुकानात गिऱ्हाईक कॉड मागायचं आणि हातात हॅलिबट घेऊन घरी जायचं.

मग काय झालं, जहाजांवर माणसंच कमी झाली. जी आहेत ती तरुण पोरं, ती सुट्टीत ओस्लोला जाऊन गोंदून घेतात. आर्नफिन आपला रिकाम्या खुर्चीसमोर बसून दाढी विंचरतोय. एक दिवस म्हणतो कसा, (हा असा, तळघरातनं आल्यासारखा आवाज) "तोरहिल, उत्तरेत सामन मासे पोसायच्या तळावर माणसं हवी आहेत. जातो." जातो! हा! ज्याला धक्क्याला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी उलटी होते! आणि गेला की मग काय, नाताळला एकदा तोंड दाखवणार, आणि मी इथं भरल्या सलूनमध्ये एकटी. एवढा एकच भाऊ आहे हो मला.

म्हणून मी म्हटलं, "माझ्या सलूनच्या मागची खोली मोकळी आहे. बायका हल्ली भुवया गोंदून घेतात. तू शीक."

"भुवया? मी?"

"हो, तूच! अरे, जलपरीच्या शेपटीवर खवले काढतोस ना? भुवई ती केवढी? एवढीशी!"

बोलून गेले हो मी. जीभ चावायला हवी होती तेव्हाच.

तर हा जाऊ लागला त्रोनहाइमला, शिकायला, आठवड्यातनं दोन दिवस वर्ग, बाकीचे दिवस घरी सराव. शिकवणारी इल्वा म्हणून एक मुलगी, चुणचुणीत, स्वतःच्या भुवया अशा की नुसतं बघितलं तरी वाटावं आपलं काहीतरी चुकलंय. वर्गात सगळ्या पोरी आणि मधोमध आमचं अस्वल. पहिल्याच दिवशी यानं पत्र्याच्या डब्यातनं आपलं जुनं मशीनचं धूड बाहेर काढलं, चालू केलं... घर्रर्रर्र... दोन पोरी उठून उभ्याच राहिल्या. सरावाच्या रबरी कातडीवर यानं भुवई काढली. इल्वा आली, चष्मा लावला, काढला, परत लावला. "आर्नफिन," म्हणाली, "ही भुवई आहे की बोट बांधायचा दोरखंड?"

मग तिनं समजावलं त्याला. दंडाची कातडी निराळी, चेहऱ्याची निराळी. इथं सुई जरा खोल गेली की रंग पसरला, आणि काही वर्षांनी बाईच्या कपाळावर दोन निळी गांडुळं! हे जुनं धूड इथं चालायचं नाही, नवीन घ्या, हलकं, नाजूक.

आता तुम्हाला वाटेल, जावं दुकानात आणि घ्यावं. मलाही वाटलं! अहो, लोक घर घेताना एवढं बघत नाहीत. इल्वाच्या ओळखीचा दुकानदार, भला माणूस, एकेक मशीन सरावापुरतं नेऊ द्यायचा. पहिलं आणलं ते बिनवायरचं, गुलाबी सोनेरी, दिसायला काय देखणं! पण बॅटरी त्याच्या बुडात. यानं पेनासारखं धरलं की ते आपलं मागच्या मागं झुकणार. सुई आभाळाकडे! "हे मला काही काढू देत नाही," म्हणे, "हे नुसतं छताकडे बघतं." दिलं परत. दुसरं आणलं, त्यावर काचेची पाटी, आकडे, दिवे, फोनलासुद्धा जोडता येतं म्हणे. याच्या अंगठ्याचा धक्का लागला की वेग बदलायचा. हा भुवई संथ काढतोय आणि मशीन निघालंय आग विझवायला! तेही परत. मी रोज संध्याकाळी विचारणार, "झालं का पसंत?" हा रोज मान हलवणार. भुवई ती केवढी, एवढीशी, आणि तिच्यासाठी आमच्या जेवणाच्या टेबलावर मशीन, वायरी आणि रबरी कातड्यांचा असा पसारा, की बटाटे मांडीवर ठेवून जेवावं लागायचं मला!

शेवटी एक काळं, साधं, बारीक वायरचं घेतलं. त्यावर दिवे नाहीत, सोनं नाही. हातात ठेवलं तर आहे की नाही कळू नये इतकं हलकं. आणि चालू केलं तर... (ऐका हं)... काही नाही! आवाजच नाही! मी म्हटलं, वा! सलूनला बरं, शांतता! कसली शांतता न् कसलं काय... खरी रामकहाणी तर तिथून पुढं.

कारण हात! त्याच्या हाताला सवय वजनाची. वजन नाही म्हटल्यावर हात आपला दाबतोय, दाबतोय. मग त्यानं मशीनला चिकटपट्टी गुंडाळली, त्याच्या पंजात नीट बसेल इतकी जाड. बघितलं तर मोडक्या बोटाला बँडेज बांधल्यासारखं दिसायचं, पण बरं झालं, पकड सैल झाली. वायर मध्ये यायची, ती खांद्यावरनं मागं टाकली. तरी भुवई जमेना! रबरी कातडी संपली, मग केळी. हो, केळ्यांची साल तशीच लागते म्हणे. माझ्या स्वयंपाकघरात जिकडे बघावं तिकडे भुवयावाली केळी! काही रागावलेली, काही दचकलेली, एक तर इतकं दुःखी की मला सोलवेना. डोळे नाहीत, तोंड नाही, नुसत्या भुवया, आणि तरी वाटायचं, माझ्याकडेच बघतंय. सकाळी न्याहारीला एक घेतलं तर त्यानं असं बघितलं... ठेवलं खाली, ब्रेड आणि तपकिरी चीज खाल्लं निमूटपणे.

"काय अडतंय तरी काय?" मी ओरडले.

"ते बोलत नाही गं," आर्नफिन म्हणाला. "जुनं मशीन बोलायचं. सुई जास्त आत गेली की त्याचा आवाज जाड व्हायचा, हात आपोआप वर यायचा. हे मुकं. मी ऐकू कुणाचं?"

"माझं ऐक!"

"तुझंच ऐकतोय लहानपणापासून. त्यात भुवई नाही येत."

आणि नेमकी त्याच आठवड्यात आली सोलफ्रिद.

सोलफ्रिद फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काम करते. बाई कसली, जहाजाचा खांबच. तिला तो केस गळायचा आजार झाला, डोक्यावरचे गेले, पापण्या गेल्या, भुवया गेल्या. आत आली, लोकरीची टोपी काढली, आणि सरळ आर्नफिनपुढं बसली. "अठराव्या वर्षी तू माझ्या खांद्यावर पाकोळी काढलीस," म्हणाली, "ती अजून उडाली नाही. आता भुवया काढ."

"मी अजून शिकतोय," हा पुटपुटला.

"मग शीक लवकर. सतरा मेला राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत मी आमच्या बोटीचा झेंडा धरणार आहे. अरे, डोक्याला टोपी असते, भुवयांना टोपी कुठं असते? रोज पेन्सिलीनं काढते मी. इंजिनखोलीत घाम येतो, ओघळतात. बोट हलली की एक इथं आणि एक तिथं. कॅप्टन विचारतो, सोलफ्रिद, आज रागावलीस का? मी सांगते, नाही हो, लाट आली."

मी हसले. तीपण हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "बंदरावर परवा माझी सख्खी मावशी समोरून गेली रे. ओळखलं नाही तिनं मला."

मी आपली सवयीनं म्हणायला गेले, भुवई ती केवढी... आणि राहिलं हो तोंडातल्या तोंडात. एवढीशी, खरंच. पण माणूस तिच्यावरनं ओळखतात.

आर्नफिननं तिला काही वचन दिलं नाही. पण तो दुसऱ्या दिवसापासून असा बसला केळ्यांपुढं, की जेवायला हाक मारली तरी ऐकू जाईना. आणि एका दुपारी, मी पुढं कुणाचे तरी केस कापतेय, आणि मागच्या खोलीतनं आवाज... घर्रर्रर्र! झालं! मी म्हटलं, यानं जुनं धूड परत काढलं, आता हा चालला उत्तरेला! कात्री घेऊन तशीच धावले, गिऱ्हाईक अर्धं कापलेलं, दार उघडलं... तर जुना डबा बंद. नवं मशीन हातात. आणि घर्रर्रर्र करतोय कोण? आर्नफिन! स्वतः! तोंडानं! दाढी थरथरतेय, डोळे केळ्यावर, आणि सुईखालनं एकेक केस निघतोय असा... बारीक, वळलेला, शेवटाला विरून जाणारा. अहो, केळं माणसात आलं होतं!

"आर्नफिन, तू आवाज करतोयस!"

"कोण? मी?" म्हणाला आणि थांबला. पुढचा केस वाकडा. परत जाड.

"अरे, मग चालू ठेव ना! घर्रर्र कर!"

घर्रर्र केलं. केस सरळ. तेव्हा कळलं आम्हाला, हा बाबा आवाज नाही म्हणून श्वास कोंडून बसायचा आणि श्वास कोंडला की हात लाकूड! आता आवाज काढायचा म्हणजे श्वास सोडावाच लागणार. एवढंच होतं! एवढ्यासाठी दोन मशीनं परत आणि मी न्याहारी सोडलेली!

मग इल्वानं आपल्या डोळ्यांदेखत त्याच्याकडनं दोन खऱ्या बायकांच्या भुवया करून घेतल्या. पहिल्या दिवशी तिनं म्हणे मशीन तीनदा उघडून बघितलं, आवाज कुठून येतोय म्हणून. मग दाढीकडे बघितलं आणि पास झाल्याच्या कागदावर सही केली.

मग आली सोलफ्रिदची पाळी. मी दाराशी उभी. त्यानं आधी दोरा लावून मापं घेतली, पेन्सिलीनं आखलं, तिला आरसा दिला. "जरा कमी शहाणी दिसू दे," ती म्हणाली. पुसलं, परत आखलं. मग मलम लावून तिला निजवली, आणि सुरू... घर्रर्रर्र...

"हे काय?" सोलफ्रिदनं एक डोळा उघडला.

"मशीन," आर्नफिन म्हणाला.

"इंजिन छान चाललंय," ती म्हणाली, आणि तुम्हाला सांगते, झोपली! खरंच झोपली! इंजिनाच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही म्हणे तिला. ती घोरतेय घुर्रर्र, हा करतोय घर्रर्र, आणि पुढं माझी गिऱ्हाइकं विचारतायत, मागं काय बोट बांधायला घेतलीत का?

उठली, आरसा घेतला. बघितलं. इकडनं बघितलं, तिकडनं बघितलं. भुवया वर केल्या. खाली केल्या. कितीतरी वेळ नुसतं तेच, वर, खाली. आणि म्हणाली, "वाईट नाही."

वाईट नाही! सोलफ्रिदच्या तोंडून! तिनं लग्नाच्या दिवशी नवऱ्यालासुद्धा एवढं म्हटलं नव्हतं! आर्नफिन उठला आणि खिडकीकडं तोंड करून हातमोजे काढत बसला. एका जोडीला एवढा वेळ कधी लागतो का हो?

पण सुख कुठलं! आठवड्याभरात खपल्या पडल्या आणि भुवया गायब. पार पुसट! मी सोलफ्रिदला धक्क्यावर बघितलं आणि धावत घरी. "अरे, गेल्या! गेल्या तिच्या भुवया! आता ती तुला समुद्रात टाकेल!" आर्नफिन शांतपणे मासा कापतोय. "येतील," म्हणाला. "आधी गडद, मग पुसट, मग खरा रंग. इल्वानं शिकवलंय." शांत म्हणे... पण मासा त्यानं इतका बारीक कापला होता की त्याचा रस्साच करावा लागला.

आणि आल्या हो! हळूहळू वर आल्या, मऊ, तपकिरी, जशा काही कायमच्या तिथंच होत्या. उरलेल्या जागा दुसऱ्या बैठकीत भरल्या. सतरा मेला सोलफ्रिद झेंडा घेऊन पुढं, पाऊस तोंडावर सपासप, बँडवाल्यांच्या टोप्या उडाल्या, पण तिच्या भुवया जागच्या जागी! आणि गर्दीतनं तिची ती मावशी ओरडली, "सोलफ्रिद! अगं, इकडे!" आर्नफिननं माझा दंड असा दाबला, इथं अजून दुखतंय.

आता उत्तरेचं नाव नाही. मागची खोली रोज भरलेली. बायका येतात, बोटीवरचे दोन पुरुष येऊन गेले, आणि सगळ्यांना ते घर्रर्र हवंच. एकीला सर्दीमुळं त्यानं हळू आवाजात केलं तर म्हणाली, आज मशीन बरं नाही वाटतं. एवढं शोधून मुद्दाम बिनआवाजाचं मशीन आणावं आणि माणसानं दिवसभर त्याचा आवाज काढत बसावं, भुवई ती केवढी... जाऊ दे.

शेवटी मी म्हटलं, गाव येतंय, घरच्या माणसानं का मागं राहावं? माझ्याही काढ. निजले. तो म्हणाला, "चेहरा हलवायचा नाही, बोलायचं नाही." मी म्हटलं, नाही बोलत. यानं उजवीकडे सुरू केलं, घर्रर्र, मी गप्प. ओठ घट्ट. उजवी झाली. डावीला हात लावला आणि मला एक आठवलं. म्हटलं, "आर्नफिन, एकच सांगते..." त्यानं मशीन बंद केलं. परत सुरू केलं. "बरं, हे शेवटचं..." बंद. तिसऱ्यांदा त्यानं हातमोजेच काढून ठेवले.

तर अशी गंमत. ही बघा, ही उजवी. सुरेख आहे ना? वाईट नाही! आणि डावी... डावी म्हणे मी गप्प बसेन त्या दिवशी.