मागे ओढायचं काम

(सोमवारची सकाळ, अमेरिकेतलं टोलेडो. शहराच्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या संघाच्या, मुख्य प्रशिक्षकाची खोली. वॉल्ट ड्रेनन हे ते प्रशिक्षक. लाइल कुबिचेक संघाचा व्यायामशिक्षक.)

वॉल्ट : ...ते राहू दे. खांदा कसा आहे तुझा?

लाइल : माझा? बरा आहे, कोच. माझ्या खांद्याला काय झालंय?

वॉल्ट : लाजू नकोस. काल सामन्यात माझं हे सव्वाशे किलोचं धूड कमरेच्या पट्ट्याला धरून मागे ओढत होतास. पाहिलं मी टीव्हीवर. उधळलेला बैल आवरावा तसं तोंड झालं होतं तुझं. सकाळपासून रेडिओवर तुझंच कौतुक चाललंय. एका बाईनं फोन करून सांगितलं, त्या बिचाऱ्याचा पगार वाढवा. मला जो शब्द वापरला, तो त्यांनी भोंगा वाजवून दाबला.

लाइल : त्याबद्दलच बोलायला आलोय.

वॉल्ट : पगाराबद्दल? मालकीणबाईंना सांग. अकरा वाजता येताहेत. मला काढायला येताहेत, त्यामुळे खुशीत असतील. डोनट घे.

लाइल : नको.

वॉल्ट : घे रे. सामना मी घालवला, उपाशी तू का राहतोस? आपला पोरगा चेंडू घेऊन कडेनं सुसाट सुटलेला. कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून पंच त्याच्याबरोबर पळतोय. ती पट्टी पंचांची, तिथं आपण पाय ठेवायचा नाही, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. आणि मधोमध कोण? मी! पंच माझ्यावर आपटला. टोपी इकडे, शिट्टी तिकडे, दंडाचा पिवळा झेंडा हवेत. अखिलाडू वर्तन, पंधरा यार्ड मागे. आधीच्या जागेवरून आपल्या किकरनं झोपेत किक मारून सामना जिंकून दिला असता. पंधरा यार्ड मागून मारली, तर चेंडू गोलच्या खांबांच्या अलीकडेच दमून खाली बसला.

लाइल : कोच...

वॉल्ट : मोसमातली तिसरी वेळ ही. पहिल्यांदा मी पंचाला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला. दुसऱ्यांदा टोपी फेकली, ती त्याच्या पायात गेली. म्हणून तर तुझी नेमणूक. आठवडाभर तू पोरांकडून वजनं उचलून घ्यायची आणि रविवारी फक्त माझा पट्टा धरायचा. एकसष्ट वर्षांचा माणूस मी, आणि मला अंगणातल्या कुत्र्यासारखा बांधून ठेवायला पगारी माणूस लागतो.

लाइल : तुम्ही पट्टीवर गेला नव्हता.

वॉल्ट : मी गेलो नव्हतो, तर काय पट्टी माझ्याकडे आली?

लाइल : मी नेलं तुम्हाला.

वॉल्ट : कुठं?

लाइल : पट्टीवर. पोरगा सुटला ना, मला राहवलं नाही. मीही पळालो त्याच्याबरोबर. हातात तुमचा पट्टा आहे, हेच विसरलो.

वॉल्ट : म्हणजे तू पळालास...

लाइल : आणि तुम्ही आलात. फरपटत. टीव्हीवर वाटतं, मी मागे ओढतोय. मी पुढे ओढत होतो, कोच. तोंडावरचे भाव मात्र खरे आहेत. तुम्ही फार जड आहात.

वॉल्ट : अरे पण मला आठवतंय. मी धावलो!

लाइल : तुम्ही दरवेळी धावता, म्हणून आठवतंय.

वॉल्ट : लाइल, तुला वाईट वाटतंय म्हणून तू हे रचतोयस. चांगला माणूस आहेस तू. पण हे रात्री झोप न झाल्याचं लक्षण आहे.

लाइल : फिल्म लावा. टीव्हीची नको, आपली. वरच्या कॅमेऱ्यातली.

वॉल्ट : ती पोरांना दाखवायची असते.

लाइल : दर सोमवारी तुम्ही पोरांना काय सांगता? तोंडाकडे बघू नका, तोंड सगळ्यांचं प्रामाणिक दिसतं. पाय बघा. मग तुमचे बघा की पाय.

वॉल्ट : लावतो. आधीच सांगतो, हा अत्याचार आहे... हां. हा पोरगा सुटला. हा पंच. हा मी. एवढा जाडा दिसतो मी वरून?

लाइल : पाय बघा.

वॉल्ट : उभा आहे.

लाइल : बघा ना.

वॉल्ट : हाताची घडी घालून उभा आहे मी! लाइल, चर्चमध्येसुद्धा मी असा उभा राहत नाही. आता हा तू... अरे, अरे, अरे! टाचा रोवल्यात मी. गवताची साल निघाली बघ. आणि तू पुढे बघून ओरडतोयस. काय ओरडत होतास?

लाइल : 'पळ' म्हणून.

वॉल्ट : मीही काहीतरी ओरडतोय.

लाइल : 'सोड' म्हणत होता. मला वाटलं, पोराला म्हणताय.

वॉल्ट : परत लाव.

लाइल : कोच, मला माफ...

वॉल्ट : माफी नंतर. आधी परत लाव. गेल्या आठवड्यात बायकोला, रूथअ‍ॅनला, शब्द दिला होता मी. म्हणाली, आठवडाभर पोरांना शिस्तीचं व्याख्यान देतोस आणि रविवारी स्वतःच नाचतोस. पुन्हा असं केलंस, तर मला तुझ्याशी बोलायचं नाही. काल मोठ्या पडद्यावर तो झेंडा दाखवला आणि ती गॅलरीतून उठून गेली. मी रात्री सोफ्यावर. कुत्रासुद्धा तिच्या खोलीत झोपला. आणि मी रात्रभर स्वतःला शिव्या देत होतो. इतक्या मनापासून दिल्या रे! चांगल्या चांगल्या शिव्या वाया गेल्या.

बाई : त्या शिव्या मला द्या, मला आज लागतील. दार उघडंच होतं, वॉल्ट.

वॉल्ट : या, ऑस्ट्रँडरबाई. लाइल, खुर्ची दे. संघाच्या मालकीणबाई उभ्या आहेत आणि आपण सिनेमा बघतोय.

बाई : बसत नाही. अशी कामं उभ्यानं लवकर होतात. दुपारी पत्रकार येतील. तुम्हाला पदमुक्त केल्याचं निवेदन तयार आहे. वारंवार अखिलाडू वर्तन, संघाची मूल्यं वगैरे. तुम्ही समोर यायची गरज नाही. मिस्टर कुबिचेक, तुमचेही त्यात आभार मानलेत.

लाइल : नका मानू. चूक माझी आहे, बाई. मी ओढलं त्यांना.

बाई : म्हणजे?

लाइल : हे बघा. फिल्म बघा. त्यांचे पाय.

बाई : ...परत दाखवा. ...म्हणजे हे उभे होते?

वॉल्ट : हाताची घडी घालून.

बाई : तीन वर्षांत पहिल्यांदाच?

वॉल्ट : मलाही धक्का बसलाय.

लाइल : आता काढणार नाही ना त्यांना?

बाई : मिस्टर कुबिचेक, तुम्ही कधी गुणतालिका वाचता का? आपण तळाला आहोत. गेल्या वर्षीही होतो. मी यांना काढायचं दोन आठवड्यांपूर्वीच ठरवलंय. कालचा झेंडा नुसता वेळेवर आला.

लाइल : मग वर्तनाचं का लिहिलंत?

बाई : वर्तनासाठी काढलं, की मालक तत्त्वाला धरून आहेत असं दिसतं. हरतात म्हणून काढलं, की लोक विचारतात, यांना आणलं कुणी? आणलं मी. नवऱ्याचा विरोध असताना आणलं.

वॉल्ट : ऑस्ट्रँडरसाहेबांना माणसांची पारख होती.

लाइल : कोच, गप्प बसा ना. बाई, मी जातो पत्रकारांसमोर. फिल्म दाखवतो.

वॉल्ट : आणि ते काय लिहितील? कोचनं स्वतःला वाचवायला व्यायामशिक्षकाला पुढे ढकललं. ती रेडिओवाली बाई तर इथं येऊन मला मारेल. तू नाही जायचं.

लाइल : तुम्ही दर सोमवारी एकेका पोराला फिल्मसमोर उभं करता. मी काय चुकलो, स्वतःच्या तोंडानं सांग, म्हणता. मी वेगळा आहे का?

वॉल्ट : तुझ्या पाठीवर नंबर नाही.

लाइल : म्हणूनच मला कुणी धरत नाही.

बाई : मिस्टर कुबिचेक, तुम्ही हे बाहेर सांगितलंत, तर तुम्हालाही ठेवता येणार नाही, हे कळतंय ना? नाहीतर पुढच्या कोचला आवरायला मला कुणीतरी लागणारच आहे.

लाइल : पुढच्या कोचला आवराल हो. मला आवरायला माणूस ठेवा.

वॉल्ट : बाई, एक विनंती. नोकरी नाही मागत. नोकरी मी स्वतःच्या कर्तबगारीवर घालवली आहे, त्यात कुणाची मदत घेतलेली नाही. आमचा बचाव चाळणीसारखा आहे. चौथ्या खेळीला, म्हणजे शेवटच्या संधीला, मी जे जे ठरवलं, ते ते फसलं. पोरांनी सामना हातात आणून दिला, तर वेळ मोजायलाही मी चुकलो. एवढं सगळं असताना तुम्ही मला जे केलंच नाही त्यासाठी काढताय, हा माझ्या मेहनतीचा अपमान आहे. हरलो म्हणून काढा.

बाई : मग लोक विचारणार, आणलं कुणी.

वॉल्ट : बारीक अक्षरात लिहा.

बाई : बारीक अक्षरात लिहिलेलंच ते आधी वाचतात, वॉल्ट... हा बघा तो कागद. पेन आहे? 'वर्तन' खोडते. 'सातत्यानं पराभव'. पुढे काय लिहू? 'ही निवड माझी होती.' बास? की अजून अपमान हवा?

वॉल्ट : पुरे. उगाच चढवून ठेवू नका.

बाई : आणि मिस्टर कुबिचेक, पत्रकार विचारतील झेंड्याबद्दल. ते उत्तर मी देणार नाही.

लाइल : मी देतो. तुमच्या शेजारी उभा राहतो.

बाई : शेजारी नको. दोन हात लांब. मी आत्ताच फिल्म पाहिलीय.

वॉल्ट : गेल्या. लाइल, तुझी नोकरी जाणार रे.

लाइल : जाईल. भावाचं टायरचं दुकान आहे. तिथं फार तर गाडी पुढे ओढली जाईल. तुम्ही कुणाला फोन लावताय?

वॉल्ट : घरी. उचलत नाहीये... उचलला. रूथअ‍ॅन, ठेवू नकोस. दोन गोष्टी आहेत. नोकरी गेली. हो, आत्ताच, बाई स्वतः येऊन गेल्या. आणि दुसरं म्हणजे, काल मी हललो नव्हतो. नाही, प्यायलेलो नाही. फिल्म आहे, लाइलला विचार. लाइल, सांग तिला.

लाइल : वहिनी, शपथेवर सांगतो. ते उभे होते. मी ओढलं... हो. अगदी खरं. हाताची घडी होती, टाचा रोवलेल्या. हो, देतो त्यांना. घ्या, कोच.

वॉल्ट : बोल... हं... हं. बरं.

लाइल : काय म्हणतात?

वॉल्ट : म्हणते, नोकरीचं संध्याकाळी बघू. आधी उभा होतास ते नीट सांग, अगदी सुरुवातीपासून.