उजव्या पायाची गाडी

मी मूळचा बुरोंडीचा, खारव्याचा पोर, बापूस दर्यावर, आजा दर्यावर, त्याच्या आधीचे पन तेच, नि आमच्यात पोराला पाय फुटले की ते होडीत जायचं, शाळेत नाय. माझे पन चांगले फुटले होते, दोन्ही. पन पोरवयात असताना एकदा होडी रेतीवर ओढत होते, खाली ओंडके घालून ओढतात तशी, नि एक ओंडका सटकला नि होडी आली ती माझ्या डाव्या घोट्यावर. झालं. हाडवैद्याने बांधला तो वाकडाच बांधला नि तसाच राहिला, पंजा खाली लोंबलेला, वर उचलत नाय, नि दुखनं कायमचं. होडीत डुलत्या फळीवर उभं राहायला दोन पाय लागतात. बापूस मला वाईट काय बोलला नाय, पन मी समोर आलो की तो दुसरीकडं बघायला लागला, ते मला कळत होतं.

तसा मी रत्नागिरीला आलो, मिरकरवाड्यात, मामाकडे. मामा होड्यांची इंजनं दुरुस्त करायचा. ते काम बसून करायचं, तिथं पायाला काय काम नाय, म्हनून शिकलो. मामा गेला, दुकान माझ्याकडे आलं, लग्न झालं, सुलभा आली, मोठा भाऊ विष्णू पन इकडे आला, ट्रॉलरवर तांडेल, म्हंजे खलाशांचा म्होरक्या, म्हनून. सगळं ठीक होतं. पन इंजन बंद पडतं ते काय माझ्या दुकानासमोर पडतं? ते जयगडला पडतं, वरवड्याला पडतं, नि मानूस बोंबलत येतो की चल. कसा चलू? एष्टीची पायरी माझ्या कमरेएवढी. मंग विष्णूच्या मागे. आधी सायकलवर मागे, मंग त्याच्या शेठच्या मोटारसायकलवर मागे, तो रिकामा झाला की नेनार, तो उठला की मी उठनार. त्याच्या शर्टाला पाठीवर कुठं ठिगळ हाय ते मला त्याच्या बायकोच्या आधी ठाव. वाटेत लोक विचारायचे, विष्णू, काय घेऊन चाललास रे? मजेत हां, वाईट मनाने नाय. पन कोनाला घेऊन चाललास असं नाय विचारायचे, काय म्हनायचे, मासळीची पाटी असल्यासारखं.

मला एवढंच पायजे होतं बघा, की आपली गाडी आपन चालवायची, नि सुलभाला मागं बसवून एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर न्यायची. ह्याच्यापेक्षा जास्त देवाकडे मागितलं असेल तर जीभ झडो माझी.

आता तुमी पन विचारनार, सगळे शहाने विचारतात, की स्कूटर का नाय घेतलीस, तिला गेअर हातात असतो. घेतली होती, मेव्हन्याची, चालवायला. तिची ती बारकी चाकं जांभ्याच्या खडीवर अशी सटकली की मी एकीकडे नि स्कूटर करवंदीत. मोपेड घे म्हनायचे. चढ आला की तिला पेडल मारायला लागतं, कोन मारनार, तुमचा काका? बुलेट घे म्हनायचे, तिचा गेअर उजव्या पायाला असतो. अरे मला ठाव नाय काय, मी मेकॅनिक हाय! पन बुलेट आडवी झाली तर दीड पायाचा मानूस ती उभी करनार कशी? नि नव्या जपानी गाड्या तेव्हा नुकत्या आल्या होत्या, हलक्या, एका किकेत चालू, बघून तोंडाला पानी सुटायचं. पन त्यांचा गेअर डाव्या पायाला. पंजा दाबायचा, पंजा उचलायचा. इथंच घोडं पेंड खायचं.

मंग एकदा वेळणेश्वरच्या बाजूला गेलो होतो, विष्णूच्या मागे अर्थात, एका म्हाताऱ्या तात्यांचा विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला. त्यांच्या गोठ्यात विलायती गाडी पडलेली, साहेबाच्या काळातली, बारकी, टाकीखाली कोंबडी अंडी उबवत बसलेली. मी कोंबडीला हुसकवली नि गाडीवर बसलो, नि काय सांगू तुमाला, उजवा पाय ठेवला तर तो सरळ गेअरवर! हलकी गाडी नि गेअर उजव्या पायाला. तात्या म्हनाले, ने रे बाबा, पंपाच्या मजुरीच्या बदल्यात ने, गुरांना अडचन होते. टेंपोत घालून आनली. तिच्यात इंजन होतं पन आत गंज, पुढचा ब्रेक नावाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला.

मी लागलो तिच्यामागे. पंपाचं काम, होडीचं काम, ते झालं की गाडी. घाटात फुटलेल्या एका नव्या जपानी गाडीचा पुढचं चाक धरायचा काटा, चाक नि ब्रेक मिळाला, तो बसवायला गेलो तर बसेना, विलायती आटे इंची नि जपानी आटे मिलीचे, नट दोन फेरे गोड जातो नि मंग अडकतो, जोर केलात की आटा गेला. लेथवाल्याकडे मधे घालायच्या बुशा करून घेतल्या, त्याने एक करून दिली नि दुसरी चार वेळा चुकवली. मागचा ब्रेक डाव्या पायाचा काढला नि क्लचच्या खाली दुसरी मूठ लावून हातावर आनला, म्हंजे डाव्या पायाने नुसतं बसायचं पाहुन्यासारखं. इंजन तेच ठेवलं, आत पिस्टन नवा, कार्बोरेटर नवा, करंटचं सगळं नवं. पन ते चालू होऊन चढावर दम टाकायचं. जो येईल तो म्हनायचा, अरे जपानी इंजनच टाक ना. मी म्हनायचो, बाबांनो, गेअर इंजनातून येतो, जपानी इंजन टाकलं की गेअर डावीकडं गेला, मंग सगळी मेहनत समुद्रात. मान डोलवायचे, नि दुसऱ्या दिवशी परत तेच. विष्णू सगळ्यात पुढे.

शेवटी गाडी चालवायजोगी झाली. आंगनात मी चार फेऱ्या मारल्या, सुलभाने तुळशीत दिवा लावला. ती म्हनाली, आता न्या मला. म्हटलं थांब, चढावर दम खाते, तेवढं काढतो, मंग नेतो. नि त्यातच पाय एवढा ठनकायला लागला की रात्रीची झोप नाय. मंग मिरजेला गेलो, मी नि सुलभा. तिथं डॉक्टरने सांगितलं, घोटा जाम करून टाकतो, दुखनार नाय पन हलनार पन नाय. म्हटलं करा, नायतरी तो कुठे नाचत होता?

आपरेशन झालं, दुखनं गेलं, पयल्यांदा जन्मात गेलं. मी आमच्या शेजारच्या दुकानात ट्रंककॉल लावला. विष्णू आला फोनवर, समुद्राच्या गाजेसारखी खरखर, मी ओरडून सांगितलं, पाय बरा हाय! एवढंच. आता ह्यात माझी काय चूक सांगा. बरा हाय, असंच म्हनतात ना?

परत आलो तर दारात आख्खी वाडी. गाडीला झेंडूचा हार, नवा रंग, नि विष्णू असा फुललेला. म्हनतो, किक मार. मी मारली, नि एका किकेत चालू, आवाज गोड, बारीक. मी खाली बघितलं. जपानी इंजन. मूठ गायब, ब्रेक उजव्या पायाला, गेअर डावीकडं. विष्णूने नि त्याच्या गॅरेजवाल्या दोस्ताने पट्ट्या वेल्ड करून बसवलं होतं, पदरमोड करून. म्हनतो, पाय बरा झाला तर आता लंगड्याची गाडी कशाला रे? बस. जन्मभर तू माझ्या मागे बसलास, आज मी तुझ्या मागे. नि खरंच मागे बसला, माझ्या खांद्यावर हात ठेवून. पोरं टाळ्या वाजवतायत. सुलभा तेवढी माझ्या पायाकडे बघत होती.

माझा पाय त्या गेअरखाली जाईना. लाकडासारखा ताठ, वाकेचना. म्हटलं विष्णू, दुखायचा बरा झाला रे, हलायचा नाय. जुनं इंजन कुठं हाय? त्याने घाटाकडं बोट दाखवलं. जुनं इंजन भंगारवाल्याला दिलं होतं नि त्याचा ट्रक घाट चढून गेला होता. मी काय काय बोललो ते लिहू नका. आख्ख्या वाडीसमोर बोललो. विष्णूचं तोंड एवढंसं झालं, हार त्यानेच काढला. करायला गेला गनपती नि झाला मारुती, पन मारुती कोनी केला? माझ्यावर सगळ्यात जास्त माया करतो त्याने. परक्याने केलं असतं तर टाळकं फोडलं असतं, ह्याचं काय करू?

आता गाडी उभी ठेवून गंजवायची काय? विष्णू चालवतो नि मी मागे. माझ्या गाडीवर मी मागे! चालते झक्कास हां, जयगडचा चढ हसत चढते. नि चढ आला की माझा उजवा पाय आपोआप हलतो, गेअर टाकायला. तिथं काय नसतं, हवा असते. विष्णूला ते कळतं, तो गेअर टाकतो.

एक आडवी दांडी बनवली हाय मी, इंजनाखालून, डावीकडचा गेअर उजव्या पायाला आनायला, उजवीकडचा ब्रेक परत मुठीवर घेऊन. पयला लागतो, दुसरा लागतो, तिसरा मेला लागत नाय, दांडी पीळ खाते. परत वाकवतो, परत लावतो. सुलभा भाट्याला अजून गेलेली नाय. विष्णू म्हनाला होता मी सोडतो सुलभाला, तर म्हनाली, नको भावोजी, मी ह्यांच्याच मागे बसनार.

तुमी लिहिताय तर हे पन लिहा. देव भैरी माझ्या भावाला शंभर वर्सं आयुष्य देवो, त्याच्या जाळ्यात मासळी पडो, पोरंबाळं सुखात राहोत. फक्त माझ्या गाडीला हात लावायची बुद्धी त्याला परत देऊ नको म्हनावं. नि तिसरा गेअर लागला की सुलभा पयली, पन तिच्यानंतर त्यालाच बसवनार मी मागे, नि नेनार जयगडपर्यंत. बघू दे त्याला पन, माझ्या शर्टाला कुठं ठिगळ हाय ते.