तरवडाच्या पोटात

सोलापूरच्या स्टँडवर यशवंत मैंदर्गीच्या गाडीची वाट बघत बसला होता. शेजारी कॉलेजची एक पोरगी म्हातारीला मोबाईलवर फूल दाखवत होती.

"आजी, ही खर्चुडी. दोन वर्षं शोधतीय, एकही वेल दिसली नाही. संपत आलीय."

"अगं बया, ही व्हय! शेरडं राखताना आमी हिचा कंद उकरून खायचो की."

"आता माळावर जिकडं बघावं तिकडं नुसती पिवळ्या तरवडाची झुडपं."

"मग तरवडातच बघ की. शेरडं त्याला तोंड लावत न्हाईत. म्हनून ही त्याच्या पोटात शिरून वर चढती."

"तरवडात? मी रोज त्याला वळसा घालून गेले, आजी!"

"त्येनंच जपलीया तिला."

गाडी लागली. बांधावरचा तरवड जाळायला घेतलेलं तणनाशक पिशवीतून काढून यशवंत ते परत करायला दुकानाकडं निघाला.