बेडकाची सुट्टी

हॅलो?... हो, मीच, इन्ग्रिड. बोल मार्लिस... नाही गं, शाळा आत्ताच सुटली. म्हणजे आम्ही स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आलो... हस, हस. घरीच शाळा घेणाऱ्या आयांना त्यांच्या बहिणी हसतातच.

टिली? आहे तिच्या खोलीत. जरा गप्पगप्पच आहे... अगं ऐक ना, आधी माझं ऐक. रविवारी चर्चच्या तळघरात जुन्या सामानाची विक्री नव्हती का? तिथे तिनं स्वतःच्या पैशांनी चावीचा बेडूक घेतला... हो, हो, तोच, तुझ्या कॉफीत पडला तो!

मी म्हटलं, ही संधी कोण सोडतंय! सोमवारी गणित. बेडकानं उडी मारली की टेपनं अंतर मोजायचं. आलेख फ्रिजवर डकवलाय. मग चावी कशी चालते ते विज्ञान... पोटावर 'चीन' लिहिलंय ना, म्हणून नकाशा काढला. तिथून आपल्या डुलुथच्या बंदरापर्यंत जहाज कसं येईल... हो, पनामा कालवासुद्धा! आणि आज निबंध, 'बेडकाचं आत्मवृत्त'.

काय?... खेळली कधी म्हणजे? खेळेल की! निबंध झाला की खेळणारच होती...

अगं, उद्या ग्रंथालयात घरी शिकणाऱ्या आमच्या गटाची सगळी मुलं आपापलं काम मांडणार आहेत. मागे त्या ग्रेचेननं एका फुग्यावर तीन आठवडे अभ्यास घेतला, तर सगळ्या आया तिच्याभोवती गोळा! आता बघू दे तिला माझा बेडूक... बरं, टिलीचा. तेच ते.

पण घोळ झालाय गं. बेडूकच सापडत नाहीये. सोफा उलटा केला, कुत्र्याचं तोंड उघडून पाहिलं... टिली नुसती 'माहीत नाही' म्हणते. शोधायलासुद्धा उठत नाही...

काय म्हणालीस?... तुझ्याकडे?... काल? तुझ्या कोटाच्या खिशात?... तिनंच घातला? थांब, थांब. काय म्हणाली ती तुला? नीट सांग.

...'त्याला सुट्टी हवीय.'

...

नाही, रडत नाहीये. कांदा चिरतेय... हो, बाहेरच्या खोलीत! गप्प बस.

मला वाटायचं तिला आवडतंय, मार्लिस. मान डोलवायची गं प्रत्येक गोष्टीला... आणि खेळणं माझ्यापासून लपवलं. चोरांपासून लपवतात तसं. फार लागलं गं मनाला.

नको, तू आणू नकोस. मीच तिला घेऊन येते... उद्या? आलेख आहे ना, तो नेईन... बरं बाई, तोही नाही नेत! मिरवू दे त्या ग्रेचेनला.

टिली! बूट घाल, मार्लिस मावशीकडे जायचंय... बेडकाला भेटायला!... ऐकलंस का गं? कशी किंचाळली!... नाही राणी, वही नको घेऊस... टेप पण नको. ठेव ती खाली... खरंच. नुसतं खेळायचं... मीपण खेळणार... घेशील ना मला?

...हं? आहे गं मी. 'बघू' म्हणाली.

काय, चावी दिलीस? हो, येतोय आवाज... पडला? परत कॉफीत?... अगं पण कप किती लांब हो—... काही नाही! काही विचारलं नाही मी! ठेवते!