दादाच्या वतीने

न्यूरॉलॉजिस्टच्या दाराबाहेर बसलेल्या प्राध्यापकांचे डोळे मासिकात होते. कान मात्र शेजारच्या नणंद-भावजयीकडे.

“वहिनी, मी घसरून पडले आणि दादा खो खो हसला! मी नाही यायची आता तुमच्याकडे.”

“वन्सं, आजारच आहे तो.”

“मोटर न्यूरॉनचा ना? तो हातापायांचा असतो.”

“काहींच्या स्वभावालाही धरतो. समोरच्याला काय वाटेल, हे कळेनासं झालंय त्यांना.”

“जन्मभर मुंगीलाही वाट देणारा माणूस!”

“आता मला चारचौघांत ‘जाडे’ म्हणतात.”

“आणि तू ऐकून घेतेस?”

“छे! ते झोपले की त्यांच्या वतीने माझी मीच माफी मागते. पूर्वी ते मागायचे तशीच, कान धरून.”

“आणि करतेस माफ?”

“लगेच कशी करीन? चांगलं ताणते. परवा तर मी रुसून बसले होते.”

प्राध्यापकांचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्या माणसाला पुढे जायची खूण केली.

“वहिनी, दादाच्या वतीने माझीही माफी माग ना.”

“मागते की. पण तुम्ही समोर हव्यात.”

“रविवारी येते. पण मी लगेच विरघळणार नाही, सांगून ठेवते.”

“मुळीच विरघळू नका. मलाही जरा मनवायला मिळू दे.”