करदोड्याची चावी

दस्तगीर : न्हाई होत, गुणाबाई. माझ्याच हातचं कुलूप हाय, आणि मलाच उघडून न्हाई राहिलं.

गुणाबाई : असं नका म्हणू, दस्तगीरभाई. गावाहून येष्टीत मांडीवर घेऊन आले ही पेटी, पार लातूरपतोर. तुमीच केलं, तुमीच दुसरी चावी करून द्या.

दस्तगीर : कशावरनं करू? तुमच्या भागवतनं मला बजावलं होतं, "चाचा, साबणावर छाप घेऊन कुणी चावी पाडली न्हाई पायजे." म्हणून नळीची चावी केली. खाचा सगळ्या नळीच्या आत. छाप घेतली तर नुसती नळी उमटणार, आतलं काय कळणार?

आरती : एखादी जास्तीची ठेवली असेल ना, चाचा?

दस्तगीर : न्हाई बेटा. एका कुलपाला एकच चावी, हा आमच्या वस्तादचा नेम. गिऱ्हाईकाच्या डोळ्यासमोर नमुना मोडायचा. तुझ्या बापासमोर मोडला. लई खूश झालता. ती चावी कुठं गेली पण?

गुणाबाई : त्याच्या करदोड्याला होती.

दस्तगीर : मग?

गुणाबाई : मग काय! माणूस गेल्यावर करदोडा तोडत्यात, रीतच हाय. पण त्या पहाटे भूकंपानं गाव निजल्या जागी पुरलं. एकेका सरणावर चार-चार जण. कुणी कुणाचा करदोडा तोडावा? मी ह्या तान्ह्या आरतीला घेऊन अंगणात निजलेली, म्हणून आमी दोघी वाचलो. चावी गेली त्याच्यासंगं सरणावर.

दस्तगीर : या खुदा! कुणाला नक्कल करता येऊ नये म्हणून किती डोकं चालवलं मी. आज माझंच मला वाईट वाटून राहिलं.

आरती : कापा ना मग कुलूप. करवत आहे की तुमच्याकडे.

गुणाबाई : खबरदार, दस्तगीरभाई! हात लावायचा न्हाई.

आरती : आजी, उद्यापासून मी हॉस्टेलला. क्लास, टेस्ट, परत क्लास, दोन वर्षं तेच. तिथं सगळ्या पोरींच्या टेबलावर आईचा फोटो आहे. माझ्या आईचा एकच फोटो उरलाय, तो ह्या पेटीत आहे, हे तूच सांगतेस. आजोळही त्याच ढिगाऱ्यात गेलं. मी कुठं बघू तिचं तोंड?

गुणाबाई : मला कळत न्हाई का गं? पण ह्या कुलपाला शेवटला हात माझ्या लेकाचा लागलाय. त्यानं लावलं ते अजून तसंच हाय. ते कापल्यावर त्याचं काय उरलं माझ्यापाशी?

आरती : मी आहे ना.

गुणाबाई : तू बी निघालीसच की.

आरती : आजी...

दस्तगीर : थांबा, थांबा. रडू नका दोघी. ती पेटी जरा फिरवू द्या मला... घ्या! काय अक्कल माझी! कुलपालाच धरून बसलो, पेटी मागनं बघितलीच न्हाई.

गुणाबाई : काय हाय मागं?

दस्तगीर : बिजागऱ्या. ह्यांचे रिवेट उडवले की झाकण मागनं उचलतंय. कुलूप तसंच राहील, भागवतनं लावलेलं.

आरती : म्हणजे चोरालाही उघडता आली असती?

दस्तगीर : कधीबी. चावीपायी मी रात्र रात्र जागलो बेटा, आणि पेटी साध्या पत्र्याची. बोला गुणाबाई, उडवू?

गुणाबाई : कुलपाला धक्का न्हाई ना लागायचा?

दस्तगीर : फडकं गुंडाळतो त्याला.

गुणाबाई : उडवा मग. पोरीचा जीव किती दिवस टांगून ठेवू?

(छिन्नीचे घाव. मागून झाकण सुटतं.)

गुणाबाई : अगं बाई, तुझ्या आईचं, शिवम्माचं इरकल लुगडं! घडीबी मोडली न्हाई. हे तुझं झबलं बघ. आणि हा... हा घे फोटो. जत्रेत काढलता, तुझ्या आईनं नि तिच्या बहिणीनं मिळून. सारख्याच साड्या नेसून गेल्या होत्या येड्या.

दस्तगीर : बघू? वा! कालच काढल्यावानी लख्ख हाय. घे बेटा, डोळे भरून बघ. का गं? काय शोधून राहिलीस?

आरती : आजी, ह्यातली माझी आई कोणती?