मागचा डावा

— मंग बराबर सांगितलं की मी, आवाज कुठून कुठून आला ते. समोरचा डावा, मधला, समोरचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. डोळे मिटून सांगितलं. भिवा, तू जालन्याहून परतूरला टीव्हीच्या आवाजाचे हे डबडे बसवायला आलास, माझी परीक्षा घ्यायला न्हाई. डबड्यांसंगं आलेल्या पुस्तकातलं हिंदी पान मी परवाच वाचलं — मधल्यातून माणसं बोलतात, मागच्या दोघांतून वारा, मागून येणारी गाडी; अन् तो खालचा ठोकळा नुसता धडधडतो, त्याला कुठंबी ठेव. शाळा? एक दिवस गेले न्हाई. लग्नात नावं पुकारायच्या चिठ्ठ्या यायच्या, त्यावर अक्षरं शिकले. माझा नवरा, संपत, भोंगे भाड्यानं द्यायचा. तो गेला, मंग बावीस वर्षं मी दिले. लिंबावर चढून भोंगा मीच बांधायची, अन् कान लावून सांगायची, आतला पडदा फाटला का तार सुटली. उजव्या हातात पक्कड, म्हणून कान डावा लावायची — ते जाऊ दे.

हातात काय आहे तुझ्या? दाखव. तार? कुठली — मागच्या डाव्याची? जोडलीच न्हाईस अजून?

मंग मघाशी तो वाजलाच न्हाई.

अन् मी म्हणाले, वाजला. पुस्तकात लिहिलेला क्रम म्हणून गेले.

विसरलास म्हणतो? वर बघून बोल. तू विसरला न्हाईस. धर्मराजनं सांगितलं तुला — माझ्या पोरानं. मला वाटलं, हौसेनं धाडले डबडे. दिवाळीला आल्ता तो, अंगणात डावीकडून हाक मारली, अन् मी उजवीकडं बघत राह्यले. तव्हाच म्हणाला, माय, पुन्हा असं दिसलं की कुलूप घालू अन् पुण्याला चल. सहाव्या मजल्यावर. तिथं मी काय करू? इथं आवाज कुठून येतो ते कळायची मला गरजच न्हाई — कडी वाजली की दार, भांडं पडलं की मांजर, तीस वर्षांत समदं जागच्या जागी आहे. तिथं प्रत्येक आवाजाला गरागरा फिरू का मी? एक कान गेला, बाबा. एकच. दुसऱ्यानं तुझी लबाडी ऐकू येऊन राह्यली की.

धर्मराजला तू काय सांगणार, ते आत्ता माझ्यासमोर बोल. अन् पुन्हा परीक्षा लावलीस? मघाशी फुसफुस होती, आता शिट्टी काढलीस. बरं. समोरचा उजवा. न्हाई? मंग मधला. मान काय हलवतोस, कुठला ते बोल —

मशीन बंद आहे?

मंग ती शिट्टी — फोन. माझ्या मागं, कोनाड्यात. तोच असणार, अकराला करतो म्हणाला होता.

हात लावू नको. मी उचलते. तू पिशवी घे अन् चपला हातात घे, फरशीवर वाजतात त्या. जा.

— हां, धर्मराज. बसवले, समदे बसवले. येतो की आवाज, मागून, पुढून, बिलकुल साफ. भिवा? तो कव्हाच गेला.